सरलाचे सगळे दिवे

"एक संध्याकाळ पुरे!" उज्ज्वलाने ऑफिसात छातीठोकपणे सांगितलं. "जुन्या ऑनलाइन अंतराळ-खेळांतून काय घ्यायचं आणि काय टाकायचं, सोमवारी सांगते!"

तिचे साहेब हिरेनभाई खूश झाले. सुरतेच्या वेसू भागातल्या त्यांच्या छोट्या कंपनीत मोबाइलवरचे खेळ बनत. खेळणाऱ्याला क्षणभर थांबवलं की तो पळतो, अशी त्यांची पक्की श्रद्धा होती. त्यामुळे उज्ज्वलाच्या खेळांत कुणालाच कुणासाठी थांबावं लागत नसे.

तिच्या ऐटीला कारण होतं. असा एक म्हातारा खेळ तिच्या घरातच होता. तिचे वडील बन्सीलाल पांडेसऱ्याच्या कापडमिलमध्ये रंगमास्तर. संध्याकाळी घरी यायचे, नखांतला निळा रंग घासघासून थकायचे आणि मग कॉम्प्युटरपुढे बसून अंतराळात मालाचं यान हाकायचे. यान कसलं, बैलगाडीच! एका तळावरून दुसऱ्या तळावर जायला अर्धा तास. स्वतःच्या यानात स्वतः इंधन भरता येत नाही, दुसऱ्या कुणीतरी येऊन भरायचं. आणि यान फुटलं की फुटलं, पुन्हा मिळत नाही.

"बाबा, हा खेळ आहे की शिक्षा?" ती विचारायची.

"तुमच्या खेळात कुणी कुणाची वाट पाहतं का?" ते उलट विचारायचे.

तोवर ती चपला घालून दारात असायची. तिला नेहमी कुठेतरी जायची घाई असायची.

होळीनंतर बाबा गेले. तेव्हापासून तो कॉम्प्युटर झाकलेलाच होता.

रविवारी दुपारी, गोडादऱ्याच्या घरात, तिने त्याच्यावरची चादर काढून तो चालू केला. खेळ आपोआप उघडला. धुक्याने भरलेला एक तळ, आणि त्याच्या अरुंद दारात बाबांचं यान, काळोखात उभं. अंगावर आईचं नाव रंगवलेलं: सरला.

"काय करी ऱ्हायनी व?" स्वयंपाकघरातून आईने विचारलं.

"ऑफिसचं काम."

बाबा गेले तेव्हा याच कोपऱ्यात दिवा ठेवला होता. त्यात तेल घालायचं काम उज्ज्वलाकडे होतं. दहा दिवस तिने तो विझू दिला नव्हता. आता ते अंधारलेलं यान पाहिलं आणि हात आपसूक गेला. तिने पुढचा दिवा लावला, मागचा लावला, बाजूचे लावले. एवढं करून ती उठणारच होती.

पण त्या खेळात धुक्यातून निरोप लांब जात नाही. म्हणून सगळे दिवे एकदम लावले की त्याचा अर्थ एकच: मी अडकलोय, इंधन घेऊन धावा! हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. जुन्या खेळाडूंना ते नुसतं माहीत होतं.

"बन्सीऽऽ!" एक यान जवळ आलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली. "कुठे मेला होतास इतके दिवस?"

हा पोपट, बाबांचा खेळातला सोबती. भेस्तानला राहणारा, रेल्वेतून निवृत्त झालेला. दोघं एकाच सुरतेत राहून भेटायचे मात्र अंतराळात! एकमेकांचा फोन नंबर मागायचं दोघांनाही कधी सुचलं नव्हतं.

पाठोपाठ जळगावचा नितीन आला. "भाऊ, बरे आहात ना?"

उज्ज्वलाने लिहिलं, 'बाबा गेले.' पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी फक्त 'हो' लिहिलं.

"नुसतं हो?" नितीन घाबरला. "पोपटकाका, भाऊ रुसलेत!"

"रुसणारच! मागच्या खेपेला त्याला धुक्यात सोडून मी जेवायला गेलो होतो. बन्सी, चुकलं बाबा माझं!" आणि पोपटने माफी म्हणून इंधन ओतायला सुरुवात केली. नितीननेही नळी लावली. मागून आलेल्यांनी कारण न विचारताच लावल्या. लग्नात जावयाला वाढावं तसा आग्रह!

पडदा लाल झाला. वजन जास्त. सांगाड्याला तडे.

"अगं आई गं! सरलाचं वजन वाढलं!"

"माले बोलनी का?" आई लाटणं घेऊनच दारात आली.

"तुला नाही! बाबांच्या यानाला! सरला म्हणजे यान!"

"मनं नाव?" आईचं लाटणं खाली आलं. "मनं नाव ठेवेल व्हतं?"

सांगाडा करकरला. हे फुटलं असतं तर बाबांचं यान कायमचं गेलं असतं. उज्ज्वलाने एका दमात लिहिलं, "थांबा! मी उज्ज्वला, त्यांची मुलगी. बाबा गेले. होळीनंतर. मी फक्त दिवा लावला होता."

नळ्या थांबल्या.

"सांगायचा तो," पोपटचं उत्तर आलं. "पोरगी खेळ बनवते म्हणून."

मग पोपटने हळूच आपल्या यानाचे दिवे लावले. सगळे. नितीनने लावले. एकेक करत सगळ्यांनी लावले. दिवाळीतल्या साडीबाजारासारखा तळ उजळला. आईने पडद्याला हात जोडले.

आणि धुक्यापलीकडच्या परक्या खेळाडूंनी पाहिलं, की अख्खा ताफाच अडकलाय!

"काय झालं? कोण अडकलं?" चारी दिशांनी इंधनाची यानं सुटली. बघता बघता दार असं तुंबलं, की कुणाला पुढे जाता येईना की मागे!

"काका, आता?"

"आता काय? तडे गेलेत, पण फुटायची नाही तुझी सरला. दार मोकळं होईतो बसायचं. बन्सी आणि मी असेच अडकायचो."

"किती वेळ?"

"का? तुला कुठे जायचंय?"

उज्ज्वलाने खोलीकडे पाहिलं. बाबांची खुर्ची, त्यात ती. कुठेच जायचं नव्हतं.

आई शेजारी स्टूल ओढून बसली. "त्याले इचार, जेवना का तो?"

सोमवारी हिरेनभाईंनी विचारलं, "बोल बेन, काय शिकलीस?"

"मदत मागायला दिव्यांपेक्षा वेगळं बटण हवं होतं."

"बस? एवढंच?"

"एवढंच कळलं, सर. बाकीचं अजून बघतेय. दार तुंबलंय ना, मी तिथेच अडकलेय."

दार रविवारी संध्याकाळीच मोकळं झालं होतं. पण ते काही तिने सांगितलं नाही.