बंब निघाला, सावकाश

प्रिंटरमधून चौदावा कागद बाहेर आला. बँडमास्तरांनी तो उजेडाकडे धरला, मग उलटा करून धरला. पाच आडव्या रेघा, त्यांच्याखाली पाच आडव्या रेघा, त्यांच्याखाली आणखी पाच. सूर एकही नाही. कागदाच्या डोक्यावर मात्र 'बंब निघाला' असं ठसठशीत छापून आलं होतं.

"निघालाय खरा, पण रिकामाच," बायको कागद वाचून म्हणाली.

मास्तरांना हसू आलं नाही. अग्निशमन दलाच्या बँडमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली होती, तीही सगळी दुसऱ्यांच्या धुना वाजवण्यात. शुक्रवारी ते निवृत्त होणार होते आणि त्या दिवशीच्या संचलनात पहिल्यांदाच त्यांची स्वतःची धून वाजायची होती. घंटा होते, माणसं खांबावरून सरसर खाली येतात, बंब सुसाट सुटतो, अशी ती धून होती. ऐकणाऱ्याचे पाय आपोआप धावायला लागावेत असा त्यांचा बेत होता. शनिवारपासून नवे बँडमास्तर येणार आणि ते आपल्या धुना घेऊन येणार. शुक्रवारी वाजली नाही तर 'बंब निघाला' कायमचा गॅरेजमध्येच, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.

त्यात दलाचा एक जुना शिरस्ता असा की निवृत्त होणाऱ्याला शेवटचे चार दिवस ड्युटी नाही. त्याने तालमीला फिरकायचंसुद्धा नाही; शुक्रवारी यायचं, खुर्चीत बसायचं आणि ऐकायचं. म्हणजे मास्तरांना जे काही सांगायचं ते कागदानेच सांगायला हवं होतं. हाताने लिहून दिलं असतं, पण त्यांचं हस्ताक्षर दलात प्रसिद्ध होतं. एकदा ट्युबावाल्याने शाईचा एक डाग चांगला दीड मिनिट वाजवला होता. आणि त्यात ट्युबावाल्याची काही चूक नव्हती. मास्तरांनीच बँडला शिकवलं होतं, "काळा ठिपका एक मात्रा, पोकळ ठिपका दोन मात्रा, आणि कागदावर असेल ते वाजवायचं. डोकं दिलंय ते हेल्मेट घालायला!"

म्हणून तर जावईबापूंनी त्यांना सूर लिहायचं सॉफ्टवेअर भेट दिलं होतं. मास्तरांनी एका बोटाने, चार महिने खपून धून त्यात उतरवली होती. पडद्यावर ती इतकी देखणी दिसायची की मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला, अगदी गॅसवाल्यालाही, बसवून दाखवायचे. फक्त ती पडद्यातून बाहेर यायला तयार नव्हती. आज बुधवार होता, संध्याकाळी सातला बँडचा नायब कागद न्यायला येणार होता, आणि घड्याळात चार वाजले होते.

"जावईबापूंना फोन करते," बायको म्हणाली.

"नको गं. मागच्या वेळी त्यांनी टीव्ही दुरुस्त केला, तेव्हापासून त्याचा आवाज कमी करायचं बटण दाबलं की तो वाढतो."

"हळू बोला. जावई आहेत ते. त्यांच्या कामात चूक काढायची नाही, तोंड वाकडं करायचं नाही, लग्नातच ठरलंय आपलं."

हे खरोखरच ठरलं होतं. मास्तरांनी सहा वर्षं ते पाळलंही होतं.

जावईबापू ऑफिसातून थेट आले, बूट काढता काढताच म्हणाले, "बाबा, काही काळजी करू नका. फॉन्टचा प्रॉब्लेम असणार." सूर म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी अक्षरंच असतात आणि ती अक्षरं प्रिंटरला ओळखू येत नाहीत, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग त्यांनी काहीतरी काढलं, काहीतरी घातलं, कॉम्प्युटर दोनदा बंद करून चालू केला. पुढचा कागद आला तेव्हा रेघांवर सुरांच्या जागी छोटे छोटे चौकोन बसले होते.

"बघा, प्रगती आहे," जावईबापू म्हणाले.

"आहेच मुळी," मास्तर म्हणाले. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं होतं.

मग जावईबापूंनी युक्ती काढली. थेट छापायचंच नाही. आधी सगळ्याची पीडीएफ करायची, सूर त्यात पक्के चिकटवायचे, आणि मग ती छापायची. या वेळी सूर उमटले, चांगले गोल गरगरीत काळेभोर उमटले. फक्त प्रत्येक पानाचा उजवीकडचा अडीच बोटं भाग कागदाबाहेर गेला. कागदाचा आकार बदलल्यावर तोही आत आला. मास्तरांचा जीव भांड्यात पडला, आणि नेमका तेव्हाच प्रिंटरवर तांबडा दिवा लुकलुकायला लागला. शाई संपत आली होती. दुकानात फोन केला तर त्या नंबरचं कार्ट्रिज शुक्रवारी सकाळी येणार होतं.

"संपणारच," बायको म्हणाली. "केवढे ते काळे ठिपके! जरा कमी लिहिले असतेत तर?"

"अगं, मार्च आहे तो, किराणा मालाची यादी नाही."

"आई, त्याचीही सोय आहे," जावईबापू म्हणाले. "आमच्या ऑफिसात आम्ही सगळं शाईबचतीवर काढतो. अक्षराची नुसती कड छापायची, आतलं पोकळ सोडायचं. वाचायला काही अडचण येत नाही. एवढ्या शाईत सगळी पानं निघतील."

सासूबाईंच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की जणू मुलीचं लग्न आज दुसऱ्यांदा त्याच मुलाशी ठरलं. मास्तरांनी यातला एकही शब्द ऐकला नाही. ते कोपऱ्यात हेडफोन लावून, पडद्यावरची आपली धून चौतिसाव्यांदा ऐकत, मांडीवर बोटांनी बंब पळवत बसले होते.

कागद निघत होते तोवर आवाजाचं काम सुरू झालं. धुनेची गती बँडला समजावी म्हणून नायबाला तिची फाईल पाठवायची होती. पहिली फाईल एवढी मोठी निघाली की फोनने ती घ्यायलाच नकार दिला. दुसऱ्या एका प्रोग्रॅममधून ती लहान करून आणली तर आवाजच नाही. आणखी एकदा केल्यावर आवाज आला, पण ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ट्युबा सगळे 'आऽ' करून गायला लागले. दातांच्या दवाखान्यात बारा पेशंट एकदम बसल्यासारखं वाटत होतं.

"कुठलं तरी एक वाद्य घोळ घालतंय," जावईबापू म्हणाले आणि एकेक वाद्य सुटं करून, बाकीच्यांचा आवाज बंद ठेवून ऐकायला लागले. शेवटी उरला नुसता ताल मोजणारा ठोका. तोही त्यांनी सुटा करून ऐकला. तो बिचारा निर्दोष होता. तेवढ्यात दाराची बेल वाजली. नायब आला होता, सातला पाच कमी असताना.

जावईबापूंनी घाईघाईने फाईल काढली, लहान केली, आणि पहिले चार सेकंद ऐकून पाहिले. टक, टक, टक, टक. धुनेच्या आधी चार ठोके असतातच, हे मास्तरांनीच त्यांना सांगितलं होतं. "ओके आहे," ते म्हणाले आणि फाईल पाठवून दिली.

बायकोने तोवर कागदांचे बारा गठ्ठे करून, टाचून, पिशवीत भरले होते. मास्तरांनी पिशवीत हात घातला.

"काय करताय?" बायकोने खालच्या आवाजात विचारलं.

"एकदा नजर टाकतो."

"जावईबापू अडीच तास खपलेत. आता त्यांच्यासमोर तपासत बसणार? काय वाटेल त्यांना?"

मास्तरांनी जावईबापूंकडे पाहिलं. ते घाम पुसत, कौतुकाची वाट बघत उभे होते. मास्तरांनी हात बाहेर काढला आणि पिशवी नायबाच्या हातात दिली.

गुरुवारी सकाळी गॅरेजमागच्या खोलीत बँडने कागद उघडले.

"नायब, सगळे ठिपके पोकळ आहेत," क्लॅरिनेटवाला म्हणाला. "एकूणएक. आणि शेपटी असलेले पोकळ ठिपके मी तर जन्मात पाहिले नाहीत."

"मापात पण बसत नाहीत," ट्युबावाला म्हणाला. "दोनच्या घरात चार कोंबलेत."

"मास्तरांनी लिहिलंय ना? मग विचार करूनच लिहिलं असणार," नायब म्हणाला. "पोकळ ते लांब. शेपटी असली तर असू दे."

"पण फोन करून विचारूया की."

"शेवटच्या चार दिवसांत त्यांना कामाचं विचारायचं नाही, माहितेय ना? थांबा, त्यांनी आवाजाची फाईल दिलीय." नायबाने फोन स्टुलावर ठेवला. टक, टक, टक, टक. बँड वाट बघत राहिला. टक, टक, टक. तीन मिनिटं टकटक झाली आणि फाईल संपली.

ट्युबावाला हळूच म्हणाला, "फक्त ठोके दिलेत. सूर आपले आपण शोधायचे. शेवटची परीक्षा घेतायत मास्तर."

त्या विचाराने सगळ्यांनाच भरून आलं. मग त्यांनी ठोक्याला ठोका जुळवून, प्रत्येक पोकळ ठिपक्याला नीट दोन मात्रा देऊन, मान खाली घालून दिवसभर तालीम केली. तीन मिनिटांची धून सहा मिनिटांची झाली. फाईल मध्येच संपायची तेव्हा नायब ती पुन्हा पहिल्यापासून लावायचा.

शुक्रवारी सकाळी मैदानाच्या फाटकाशी ट्युबावाला मास्तरांच्या पाया पडला. "मास्तर, रडवलंत आम्हाला," तो म्हणाला. मास्तर खूश झाले. पळून पळून दमलेले असणार, असा त्यांनी अर्थ लावला.

मैदानावर दोन बंब धुऊन पुसून उभे होते. मास्तर पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीत बसले. एका बाजूला बायको, पलीकडे मुलगी आणि जावईबापू. दुसऱ्या बाजूला दलाचे मुख्य अधिकारी. एकतीस वर्षांत या साहेबांनी बँडबद्दल एकच वाक्य काढलं होतं, ते म्हणजे "जरा हळू वाजवा." नायबाने हात वर केला. मास्तरांनी बुटाची टाच तयार ठेवली.

ट्रम्पेटचा पहिला सूर आला आणि संपेचना. मास्तरांना वाटलं, ट्रम्पेटवाला अडकला. मग दुसरा आला, तोही लांब. मग क्लॅरिनेट, मग खालून ट्युबा, सगळे एकाच सावकाश चालीने. माणसं खांबावरून सरसर उतरत नव्हती; एकेक पायरी धरून जिना उतरत होती. मास्तरांनी टाच खाली टेकवली. चार महिने, एक बोट, आणि हे! ते जावईबापूंकडे वळले. जावईबापू अभिमानाने मान डोलावत होते. मास्तरांनी तोंड उघडलं, बायकोने त्यांच्या हातावर हात ठेवला, मास्तरांनी तोंड मिटलं.

काही करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून ते ऐकायला लागले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की सूर त्यांचेच आहेत, एकही इकडचा तिकडे झालेला नाही. फक्त घाईघाईत ज्यांच्यावरून ते इतके दिवस बंब पळवत होते, ते सूर आता थांबून त्यांच्याकडे बघत होते. तिसऱ्या ओळीतली ती उतरती जागा इतकी गोड आहे, हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. आपण हे लिहिलंय यावर त्यांचा विश्वास बसेना.

धून संपली तरी टाळ्या वाजल्या नाहीत. समोरच्या रांगेतली, आगीत शिरणारी धडधाकट माणसं खाली मान घालून बुटांकडे बघत होती. साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

"मास्तर," ते म्हणाले, "बंब निघतो ना, तेव्हा आमच्या डोक्यात काही नसतं. पळायचं, एवढंच. जे काही वाटतं ते परत येताना वाटतं. कोण वाचलं, कोण नाही. सगळे गप्प बसलेले असतात. तुम्ही कधी बंबावर चढला नाहीत. तुम्हाला हे कसं कळलं?"

"साहेब, खरं सांगायचं तर मी हे असं लिहिलंच नव्हतं," मास्तर म्हणाले.

"असंच असतं. चांगली गोष्ट आपोआप उतरते," साहेब म्हणाले. "नाव मात्र बदला. 'बंब परतला' करा. नवे मास्तर येऊ देत नाहीतर आणखी कुणी, यापुढे प्रत्येक संचलनात शेवटी हीच वाजेल. आजच लेखी हुकूम काढतो. मला कागदांची एक प्रत हवी."

नायबाने आपल्या हातातले कागद पुढे केले. मास्तरांनी ते पहिल्यांदाच पाहिले. पानभर पोकळ ठिपके, काहींना शेपट्या. त्यांना सगळा उलगडा एका क्षणात झाला. साहेबही वाकून बघत होते. "छपाई जरा फिकी वाटते," ते म्हणाले.

"त्याची काळजीच नको, साहेब!" जावईबापू उठून उभे राहिले. त्यांनी खिशातून एक चकचकीत खोकं काढलं. "सकाळी दुकानात थांबून नवीन कार्ट्रिज घेऊनच आलोय. बाबा, आज घरी गेल्यावर सगळं परत काढून देतो. एकेक ठिपका काळाकुळकुळीत!"

"खबरदार!" मास्तर ओरडले.

बंबावर बसलेला कावळा उडाला. जावईबापू खोकं हातात धरून तसेच उभे राहिले. सहा वर्षांत सासऱ्यांचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. मुलीने घाबरून आईकडे पाहिलं.

बायकोने जावयाच्या हातातलं खोकं अलगद काढून घेतलं, पर्समध्ये टाकलं आणि पर्सची चेन लावली.

"बरोबर ओरडले," ती म्हणाली. "शाई काय वाटेल तशी उडवायची असते का?"