आठाच्या आकड्यातला पट्टा

पट्टा निघून छातीवर पडला, आणि तेव्हा ऑरव्हिल टेशच्या लक्षात आलं की तो आत कुठून कुठे गेला होता हे आपण पाहिलंच नाही.

तो दफनभूमीच्या पत्र्याच्या शेडमध्ये, गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरखाली उताणा पडला होता. वय बहात्तर. छातीवर जुना, चिरा पडलेला पट्टा आणि हातात नवा. वर चार पुल्या, एक स्प्रिंग, आणि पट्टा कसा घालायचा याचं चित्र असलेला एक कागद. कागद चिकटलेला होता, पण त्यावरचं चित्र कधीच उडून गेलं होतं.

"झालं का?" बाहेरून हारलन प्रिबिलने विचारलं. हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. मदतीला आला होता, म्हणजे उलट्या बादलीवर बसून कॉफी पीत होता.

"निघाला."

"मग घाल नवा."

"कुठून?"

हारलन वाकला. त्याने पुल्यांकडे पाहिलं, मग ऑरव्हिलकडे. "अरे, काढायच्या आधी कागदावर काढून नाही ठेवलंस? बाईंनी काय शिकवलं होतं? आधी आकृती, मग कृती!"

"बाईंचं नाव काढू नकोस," ऑरव्हिल हळूच म्हणाला आणि त्याने शेडच्या दाराकडे पाहिलं.

दारातून समोर रस्ता दिसत होता. रस्त्यापलीकडे पांढरं घर, घराला ओसरी, ओसरीवर खुर्ची आणि खुर्चीत व्हॉस बाई. बाई शहाऐंशीच्या होत्या. केलर्स फोर्डमधल्या निम्म्या गावाला त्यांनी तिसरीत शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्याला अजून शिकवत होत्या. दफनभूमीच्या समितीच्या अध्यक्षही त्याच. ट्रॅक्टरची किल्ली त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेली असे. दर मे महिन्यात ती कुणाला द्यायची हे त्या ठरवत, आणि काढून कधी घ्यायची हेही त्याच. मागल्या साली गवत कापणाऱ्या वेंडेलच्या हातून एका थडग्याचा कोपरा खरचटला. त्याच संध्याकाळी किल्ली खिळ्यावर परत गेली आणि पुढे ऑरव्हिलकडे आली. वेंडेल आता चर्चच्या जेवणाला गाड्या कुठे लावायच्या ते दाखवतो.

ऑरव्हिलला ती किल्ली जिवापाड प्यारी होती. तिसऱ्या ओळीत त्याची लॉर्ना होती. गाव चांगलं होतं, पण गावाची एक खोड होती. बायकोच्या थडग्याशी माणूस दर शुक्रवारी उभा दिसला की संध्याकाळी दारात चार जणी कळवळून जेवणाची झाकलेली भांडी घेऊन हजर होत, आणि भांडं परत न्यायच्या निमित्ताने पुन्हा येत. गवत कापणाऱ्याला मात्र कुणी काही विचारत नाही. तो ट्रॅक्टर थांबवून खुशाल अर्धा तास बसला तरी लोकांना वाटतं, इंजिन तापलं असेल.

आणि आज मेमोरियल डेच्या, म्हणजे शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या, आधीचा शुक्रवार होता. चार वाजता माजी सैनिक थडग्यांवर झेंडे लावायला येणार होते. सोमवारी सगळं गाव यायचं होतं. गवत घोट्याच्या वर गेलं होतं.

दीड वाजता पट्टा बसला. कसा बसला हे ऑरव्हिललाही सांगता आलं नसतं. दोनदा तो लांब पडला, एकदा आखूड पडला, एकदा स्प्रिंग सुटून हारलनची टोपी घेऊन गेली. शेवटी एक पीळ दिला आणि पट्टा असा चपखल बसला की दोघांनी हात मिळवले.

"बघ, जमलं!" असं म्हणून ऑरव्हिल वर बसला. इंजिन सुरू केलं, दांडा पुढे सरकवला.

ट्रॅक्टर मागे गेला.

हारलनने बादलीवरून उडी मारली. बादली चेपली. ट्रॅक्टर मागच्या पत्र्याला धडकून थांबला आणि सगळी शेड ढोलासारखी वाजली.

इथे थोडं थांबू, म्हणजे गोंधळ होणार नाही. दोन रिळं घ्या आणि त्यांच्याभोवती दोऱ्याचा फास सरळ घाला. एक रीळ फिरवलं की दुसरं त्याच दिशेने फिरतं. आता दोऱ्याला मधे पीळ देऊन आठाचा आकडा करा. दुसरं रीळ उलटं फिरतं. तिसरीत व्हॉस बाईंनी हे फळ्यासमोर करून दाखवलं होतं. त्या दिवशी ऑरव्हिल खिडकीकडे बघत होता. खिडकीजवळ लॉर्ना बसायची.

"मग दांडा मागे कर," हारलन म्हणाला. "म्हणजे पुढे जाईल."

तसं केलं. ट्रॅक्टर पुढे गेला. ऑरव्हिलने गवत कापायची पाती सुरू केली आणि इंजिन फट्‌दिशी बंद पडलं.

दोघांनाही कारण लगेच कळलं. मागे जाताना माणसाला नीट दिसत नाही, म्हणून दांडा मागे असताना पाती सुरू केली की यंत्र आपोआप बंद पडतं. यंत्राला बिचाऱ्याला काय माहीत, की आज मागे म्हणजे पुढे!

"म्हणजे," हारलन बोटांवर जुळवत म्हणाला, "पुढे जायचं तर गवत कापता येणार नाही. गवत कापायचं तर…"

"मागे जावं लागेल."

"पट्टा पुन्हा काढू?"

"तीन तास लागले घालायला!"

एवढ्यात रस्त्यापलीकडून हाताची घंटी वाजली. तीच, शाळेतली. व्हॉस बाई ओसरीवर उभ्या होत्या. त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर दोनदा बोट आपटलं. बहात्तर वर्षांचा तो माणूस, नातवंडं असलेला, पण आठ वर्षांच्या मुलासारखा ताठ बसला. त्याने इंजिन पुन्हा सुरू केलं, दांडा पुढे सरकवला, पाती सुरू केली, मान मागे वळवली आणि देवाचं नाव घेतलं.

पुढचे दोन तास त्याला जन्मभर पुरतील. मान वळवून वळवून आखडली. डावीकडे जायचं तर चाक कुठे फिरवायचं हे प्रत्येक वळणावर नव्याने शिकावं लागत होतं. सीटखालून जळक्या रबराचा वास येत होता, म्हणजे पिळातला पट्टा स्वतःलाच घासत होता. मागून दगड चालून येत होते. खरं तर दगड जागेवरच होते, पण उलटं जाणाऱ्याला तसंच वाटतं. प्रत्येक दगडावर त्याला वेंडेलचा चेहरा दिसत होता.

हारलन मागे, म्हणजे पुढे, पळत होता. "डावीकडे! तुझ्या नाही, माझ्या! थांब! माझ्या मावशीची फुलं!"

प्लास्टिकच्या लाल फुलांचा भुगा होऊन उडाला.

"फार लाडकी होती का रे मावशी?" ऑरव्हिलने कापऱ्या आवाजात विचारलं.

"छे! खाष्ट होती."

"मग चल पुढे. म्हणजे मागे."

कर्नल स्टुम्फच्या थडग्यावरचा दगडी देवदूत सगळ्यात वाईट. तिथे उतार होता. ट्रॅक्टर घसरत देवदूताकडे निघाला. ऑरव्हिलने ब्रेकवर दोन्ही पाय दिले आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा देवदूताचा दगडी पंख आणि ऑरव्हिलची पाठ यांत चार बोटांचं अंतर होतं. ओसरीवर बाई उठून उभ्या राहिलेल्या दिसल्या. मग बसल्या. बसल्या याचंच त्याला जास्त भय वाटलं.

पावणेचारला शेवटची ओळ संपली, आणि त्याच क्षणी सीटखाली काहीतरी फाडकन तुटलं. ट्रॅक्टर जागेवर उभा राहिला. पट्ट्याने शेवटपर्यंत साथ दिली होती.

फाटकातून काठीचा आवाज आला. टक. टक. टक.

"ऑरव्हिल."

"हो, बाई." त्याने किल्ली काढून खिशात टाकली, तो खाली उतरला आणि त्याने टोपी काढली.

"उलटा का चालवत होतास?"

ऑरव्हिलला खरं सांगायचं होतं. पण खिशातली किल्ली मांडीला टोचत होती. मधेच हारलन बोलला, "बाई, मागे गवत राहिलं तर समोर दिसावं म्हणून. याच्या डोक्यातून निघालं."

"याच्या?"

"याच्याच."

बाईंनी काठीने गवत चाचपलं. एका ओळीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. "पन्नास वर्षं मी त्या ओसरीवरून बघते आहे. कुणीही कापलं तरी ओळीच्या टोकाला एक शेंडी राहते. आज एकही नाही." त्यांनी ऑरव्हिलकडे पाहिलं. त्या नजरेचं त्याला पूर्वीही कधी काही कळलं नव्हतं. "छान. यापुढे नेहमी असंच कापायचं."

सोमवारी बिगुल वाजून झाल्यावर, सगळ्या गावासमोर, बाईंनी हे पुन्हा एकदा सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेंडेलने सगळ्यात मोठ्याने. ऑरव्हिलच्या कपाळावर घाम आला. कारण रविवारीच त्याने आणि हारलनने तिसरा पट्टा आणून, डोकं शांत ठेवून, अगदी बरोबर बसवला होता. ट्रॅक्टर आता सुतासारखा सरळ पुढे जात होता. ऑरव्हिलने आकृती काढून शेडच्या भिंतीला लावलीसुद्धा होती.

पुढच्या शुक्रवारी सकाळी तो पुन्हा ट्रॅक्टरखाली होता.

"तेव्हा कसा घातला होतास?" हारलनने विचारलं.

"आठवत नाही."

"पीळ कुठे दिला होतास?"

"आठवत नाही रे! आठ वेळा घातला. आठही वेळा बरोबर बसतोय!"

"असं कर ना, बाईंना सांगून टाक."

"आणि किल्ली?" ऑरव्हिल खालूनच म्हणाला. "मग मी तिकडे काय निमित्ताने जाऊ?"

हारलनने कॉफीचा पेला खाली ठेवला. मग ऑरव्हिलला ट्रॅक्टरखालून दोन काळे बूट आणि एक काठी दिसली.

"बाहेर ये."

तो बाहेर आला. बाईंनी भिंतीवरची आकृती पाहिली. "ही सरळ जाणाऱ्याची," त्या म्हणाल्या. "सुबक काढली आहेस. उशिरा काढलीस, पण सुबक." मग त्यांनी त्याच्या कानामागची पेन्सिल घेतली आणि शेजारी दुसरी आकृती काढली. दोन वर्तुळं, आणि मधे पीळ दिलेला आठाचा आकडा. "ही उलट जाणाऱ्याची. दोन रिळं घेऊन शिकवलं होतं. तू खिडकीकडे बघत होतास."

ऑरव्हिलने दुसऱ्या आकृतीकडे पाहिलं. "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"ट्रॅक्टर शेडच्या पत्र्यावर आदळला तेव्हा."

त्याने खिशातून किल्ली काढली आणि तळहातावर ठेवून पुढे केली.

बाईंनी ती घेतली नाही. "तू कापलंस तरी बाकी ओळींना शेंडी राहते, ऑरव्हिल. तिसऱ्या ओळीला कधीच राहिली नाही. तिथे तू मागे वळून बघतोस. तसं बाकीच्यांकडेही बघायला लागलास की झालं, म्हणून मी तुला उलटं चालवायला लावलं. आता सरळ चालव, पण टोकाला गेलास की मान वळवायची."

"हो, बाई."

"आणि खरं सांगायला आठवडा लावलास. ही आकृती पंचवीस वेळा काढायची. मग गवत."

ऑरव्हिल निमूटपणे चेपलेल्या बादलीवर बसला आणि त्याने कागद मांडीवर घेतला. हारलनला हसू आवरेना.

"हारलन प्रिबिल," दारातून न वळता बाई म्हणाल्या, "याच्या डोक्यातून निघालं, असं कोण म्हणालं होतं? तू पन्नास वेळा."

काठीचा आवाज रस्त्यापलीकडे जाईपर्यंत दोघंही हलले नाहीत.

"ऑरव्हिल," मग हारलन अगदी हळू आवाजात म्हणाला, "दुसरी पेन्सिल आहे का रे?"