विहीणबाईंचा तंबू

हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा हिरामणभाऊ आठ दिवस आधीच दवाखान्यात गेले आणि तिथल्या सहाही खाटांवर एकेक करून झोपून आले. चौथ्या खाटेवर त्यांना डुलकी लागली. नर्सने हलवून विचारलं, "बाबा, काय त्रास होतोय तुम्हाला?"

भाऊ म्हणाले, "आज काही नही. पुढला मंगळवारले व्हई."

हिरामणभाऊ माझे साडू. माझी बायको सुमन आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. आम्ही भडगावचे, ते पाचोऱ्याचे. वयाने ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे. त्यांना सगळेच भाऊ म्हणतात, त्यांची मुलगी वैशालीसुद्धा. मला ते आप्पा म्हणतात.

भाऊंची सगळी नोकरी जिनिंगमध्ये कापूस पारखण्यात गेली. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, चिमूटभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा आणि धाग्याची लांबी बघून प्रत सांगायची. तीस-पस्तीस वर्षं हेच केल्यामुळे डोळ्यांवरचा त्यांचा विश्वास उडालेला होता. "हात लाईसन देखू द्या," हे त्यांचं पालुपद. आंबा असो, सोफा असो, नवीन बांधलेली भिंत असो, हात लावल्याशिवाय भाऊ मत देत नसत. वैशालीला बघायला दोंडाईच्याहून मुलगा आला, तेव्हा सगळे त्याचं शिक्षण विचारत होते. भाऊंनी त्याचा हात हातात घेतला तो पोहे येईपर्यंत सोडलाच नाही. मुलगा घामाने भिजला. नंतर भाऊ आत येऊन म्हणाले, "पोऱ्या चांगला शे. हात नरम शे, पण ढिला नही."

लग्न झालं. पण वऱ्हाड मांडवात आलं तेव्हा विहीणबाईंना सामोरं जायला मुलीचा बाप जागेवर नव्हता. चंद्रकलाबाई सात-आठ मिनिटं उन्हात उभ्या राहिल्या. आणि भाऊ कुठे होते? जानवसघरात. विहीणबाईंसाठी घातलेल्या गादीचा कापूस बसलेला वाटला म्हणून ती स्वतः पिंजत बसले होते. हे नंतर कुणी सांगितलंच नाही. चंद्रकलाबाई तेव्हा एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त लक्षात ठेवलं.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. दारोदार झोके बांधतात, सांजोऱ्या होतात, आमरस होतो. दिवाळीला आली नाही तर कुणी विचारत नाही, पण आखाजीला लेक आली नाही की गल्ली विचारते. लग्नानंतरच्या पहिल्याच आखाजीला दोंडाईच्याहून निरोप आला, "घरात काम आहे." दुसऱ्या आखाजीलाही काम होतं. अक्का, म्हणजे भाऊंची बायको, त्या आधीच वारलेल्या. भाऊंनी एकट्याने झोका बांधला, हाताने ओढून मजबुती पाहिली आणि संध्याकाळी सोडून ठेवला.

मग त्यांनी ठरवलं, दोन्ही घरांनी दोन दिवस एका जागी राहायचं. घरी बोलावलं तर मानपानाचं सुरू होईल, म्हणून तिसरीच जागा हवी. सातपुड्याच्या पायथ्याला एक जंगल रिसॉर्ट नवीन निघालं होतं. माझ्या नातवाने मोबाइलवर दाखवलं. तंबू, मचाण, सिमेंटचे हत्ती, नाश्त्याच्या खिडकीतून आत डोकावणारा जिराफ. भाऊंनी सगळं पाहिलं आणि मोबाइल परत दिला. "आप्पा, आधी घर पाह्याले जानं पडी."

मुलगी द्यायच्या आधी आपण सासरचं घर बघायला जातो, तसे आम्ही पाच जण रिसॉर्ट बघायला गेलो. टोप्या घालून. बरोबर पेढे. मॅनेजर तरुण मुलगा होता, 'जंगलचा फील' वगैरे सांगायला लागला. भाऊंनी त्याला गाव विचारलं, आडनाव विचारलं, मामाचं गाव विचारलं. मग विहिरीला पाणी किती आणि उन्हाळ्यात टिकतं का. तो बिचारा लग्नाचा होता. त्याला वाटलं, खरंच स्थळ आलंय. तो शर्ट खोचून आला.

प्रत्येक तंबूत भाऊ आडवे झाले. एका उशीच्या शिवणीतून त्यांनी चिमूट ओढली, अंगठ्यांत धरली आणि खिन्न झाले. "हाऊ कापूस नही शे. हाई काय भरेल शे ते देव जाणे." झुडपात स्पीकर लपवलेले होते आणि त्यातून दर अर्ध्या तासाने वाघ गुरगुरायचा. भाऊंनी मॅनेजरला बाजूला घेऊन विचारलं, "हाऊ वाघ कितला वाजता बंद व्हस?"

"दहाला, सर."

"नऊले करा. आमन्या विहीणबाईसनी झोप हलकी शे."

आता खरी गोष्ट. तिथल्या तंबूंना नंबर नव्हते, प्राण्यांची नावं होती. सिंह, वाघीण, हत्ती, हरीण, मोर, पाणघोडा. दारावर त्या प्राण्याचं मोठं रंगीत तोंड आणि खाली पाहुण्यांच्या नावाची पाटी. शहरातल्या माणसाला यात काही वाटणार नाही. आमच्यात वाटतं. ज्या समाजात पत्रिकेत नाव दुसऱ्या ओळीत गेलं म्हणून माणसं लग्नाला येत नाहीत, तिथे कोणाला कोणत्या जनावरात उतरवायचं हा साधा प्रश्न नव्हे.

एकवीस माणसं होती. भाऊ पाचोऱ्याच्या घरी ओसरीत पाच दिवस तंबू वाटत बसले. जावईबापूंना सिंह, हे लगेच ठरलं. व्याह्यांना हत्ती द्यायचा विचार होता, पण त्यांचं पोट आडवं आलं. माझी धाकटी मेहुणी मोर मागत होती. भाऊ म्हणाले, "मोर नको. तिना नवरा म्हणी, म्हणीसन ही घरमा नुसती नाचस." हरीण वैशालीच्या नणंदेला दिलं. विहीणबाईंवर दीड दिवस गेला.

"वाघीण," शेवटी भाऊ म्हणाले. "नाव शोभी, आणि दारशी पायऱ्या बी नहीत. व्याही बी तठेच ऱ्हातीन, पण पाटी विहीणबाईसना नावनी लावा."

"आणि पाणघोडा कुणाला?" मी विचारलं.

"तो आपला घरमाच ठेवनं पडी, आप्पा. परकासले कसा देवाना? तुम्हीन आणि सुमनबाई ऱ्हा तठे. तुम्हीन काही वाईट वाटी लेनार नहीत."

मी पंचायत समितीत कारकून होतो. अक्षर चांगलं, म्हणून तक्ता लिहायचं काम माझ्याकडे. भाऊंनी सांगितला, मी लिहून घेतला, आणि घरी जाऊन पक्की प्रत करून रिसॉर्टला पाठवायची असं ठरलं.

पाणघोड्याचा तंबू मी पाहिलेला होता. तळ्याच्या वरच्या अंगाला, चाळीस पायऱ्या चढून, आणि संडास देशी. माझे दोन्ही गुडघे तेव्हाच गेलेले होते. वाघीण सपाटीला, जेवणघराशेजारी, आणि आत खुर्चीचा संडास. पक्की प्रत करताना माझा हात वाघिणीसमोर थांबला. मी तिथे माझं नाव लिहिलं आणि चंद्रकलाबाईंचं पाणघोड्यासमोर. मनाशी म्हटलं, दारावरच्या चित्राकडे कोण बघतंय. ही सहल कशासाठी आहे ते मला चांगलं माहीत होतं. तरी लिहिलं. गुडघ्यांचं कारण मी आजवर मनातल्या मनात पुष्कळ वापरलं. इथे वापरत नाही.

आम्ही पोहोचलो. सगळ्यांच्या गळ्यात मण्यांच्या माळा घातल्या, हातात सरबत दिलं. चंद्रकलाबाई खूश होत्या. जिराफासमोर त्यांनी फोटो काढून घेतला. मग एक माणूस त्यांची बॅग उचलून पायऱ्या चढू लागला, त्यामागे त्या, आणि त्यांच्यामागे आम्ही सगळे तंबू बघायला. वर गेल्यावर दार दिसलं. दारावर जबडा वासलेला पाणघोडा, चांगला पाच फुटांचा, आणि त्याच्या खालच्या ओठाला लागून फुलांची महिरप काढलेली पाटी: 'सौ. चंद्रकलाबाई यांचे हार्दिक स्वागत'.

चंद्रकलाबाई अंगाने भरलेल्या आहेत. हे सांगायला नको होतं, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. नणंदेच्या लहान मुलीने पाटी मोठ्याने वाचली, चित्राकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि टाळी वाजवली.

"मी पाणघोडी शे का?" चंद्रकलाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, ते जास्त वाईट. "मांडवात उन्हात उभं केलं, तेव्हा गप्प राहिले. आता दारावर चित्र काढून दाखवलं. कोणी केलं हे?"

एकवीसपैकी एकोणीस माणसांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी पाटीकडे पाहिलं. मी सरबताच्या ग्लासात पाहिलं.

भाऊ हात जोडून म्हणाले, "चूक मन्ही शे, विहीणबाई. मीच वाटी दिन्हात तंबू."

व्याही, विहीण, जावई, वैशाली आणि नणंदेचं कुटुंब चहा न घेता आल्या गाडीने परत गेले. जाताना वैशालीने काचेतून हात हलवला की नाही, यावर सुमन आणि मी अजून वाद घालतो. आम्ही उरलेले तिथेच राहिलो, कारण भाऊ म्हणाले, "स्वयंपाक व्हयेल शे." मी वाघिणीत झोपलो. खोटं कशाला सांगू, झोप चांगली लागली. उशी मऊ होती. भाऊंनी त्या एकाच तंबूसाठी घरच्या कापसाच्या उशा आधीच पाठवून दिल्या होत्या.

त्यानंतर तीन आखाज्या गेल्या. वैशालीचं अधूनमधून दिवसापुरतं येणं होतं, तेही बंद झालं. आणि आमच्या नात्यागोत्यात हिरामणभाऊंचा विनोद झाला. लग्न असो, जाऊळ असो, कोणीतरी म्हणायचंच, "उतरायची सोय भाऊंकडे देऊ नका रे, पाणघोड्यात टाकतील." मग सगळे हसायचे, मीही हसायचो. ज्या माणसाने घरातल्या प्रत्येक कार्याच्या गाद्या हाताने तपासल्या, त्याला कोणी काही विचारेनासं झालं. यंदा पुतणीच्या साखरपुड्यात तोच विनोद पुन्हा झाला. भाऊ कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. तेही हसले, आणि हसता हसता खुर्चीच्या गादीवर सवयीने हात फिरवत राहिले. मला पुढचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोंडाईच्याला गेलो. एकटाच. चंद्रकलाबाईंनी पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. मी बसलो नाही. गुडघे, पायऱ्या, तक्ता, सगळं सांगितलं. मांडवातल्या दिवशी भाऊ जानवसघरात काय करत होते तेही सांगितलं.

त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे भाऊंनी माझ्यासाठी कोणता लिहिला होता?"

"वाघीण."

त्यांनी तोंडाला पदर लावला. आधी मला वाटलं रडतायत. मग खांदे हलताना दिसले. हसून झाल्यावर मात्र डोळे पुसून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तो तंबू त्यांनाच शोभला असता.

"तीन आखाज्या, आप्पा," त्या म्हणाल्या. "त्या पोरीने इथे पोळ्या लाटत काढल्या. तुम्हाला निदान त्या रात्री पाणघोड्यात जाऊन झोपायला काय झालं होतं?"

त्यांनी आत हाक मारली, "वैशाली, तुझे काका आलेत. आखाजीचं काय ठरवायचं ते ठरव."

आखाजीच्या दिवशी सकाळी मी पाचोऱ्याला गेलो. वैशाली आदल्या दिवशीच आली होती. गल्लीतल्या चार जणी झोक्यावर होत्या आणि हिची पाळी अजून यायची होती म्हणून ती स्वयंपाकघरात सांजोऱ्या तळत होती. भाऊ ओसरीत पाटावर बसून आंबे पिळत होते. कोपरापर्यंत रस. मी समोर बसलो आणि म्हटलं, "भाऊ, तो तक्ता..."

"माले माहीत शे."

"वैशालीने सांगितलं?"

"नही. त्याच दिनले समजनं." त्यांनी कोय बाजूला टाकली. "सांगं मी, लिखं तुम्हीन. तिसरं माणूस व्हतंच कोठे?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? इतकी वर्षं बोलला नाहीत?"

भाऊंनी पुढचा आंबा उचलला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि दाबतच राहिले.

"बोलतू तर तुम्हीन लाजीसन येनं बंद करी देतात. मन्ही आंडेर वैशाली तं गयीच व्हती. दर आयतवारले तुम्हीन येतस, दोन घास संगे खातस. तुम्हीन बी नही येतात, तर आप्पा, मी जेवतू कोणासंगे?"

मी एक आंबा घेतला आणि पिळायला लागलो. भाऊंनी तो माझ्या हातातून काढून घेतला, कारण मी पाणी न लावता पिळत होतो.

आतून वैशालीने विचारलं, "भाऊ, पानं वाढू का? आधी कोणाचं वाढू?"

"आप्पानं वाढ," भाऊ म्हणाले. "दूरथीन येल शे तो."