खुर्ची ओली कोणी केली?

तुम्हीच सांगा, चौदा वर्षं घरात मुकाट राहिलेल्या मांजरीवर म्हातारपणी कुणी खटला भरतं का? पायसांडू गावच्या अबदोनने भरला.

टपाल कचेरीतून निवृत्त झाल्यापासून आरामखुर्ची हेच अबदोनचं सिंहासन. दुपारी जेवण झालं की बगलेत थर्मास, हातात येर्बाच्या पानांच्या कडू चहाने भरलेला भोपळ्याचा तुंबा (पचनासाठी आत संत्र्याची साल) अशा थाटात तो तिथे बसे आणि ‘जरा डोळे मिटून विचार’ करी. हे विचार चांगले घोरत असत. पण ओळीने तीन दिवस जाग आली ती ओल्या गादीवर! पिवळसर हिरवा डाग, आणि समोर पोरोता मांजर निरागसपणे पंजे चाटत बसलेली. (अबदोनचं नाक थंडीभर चोंदलेलं असे, त्यामुळे वासाचा पुरावा तेवढा नव्हता.)

“म्हातारीचा ताबा सुटलाय,” त्याने बायकोला, नेल्दाला, सुनावलं. “आजपासून खुर्ची भिजवणाऱ्याचा मुक्काम परसात, धुण्याच्या हौदापाशी. हा माझा शेवटचा शब्द!”

“परसात? या थंडीत?” नेल्दाचा आवाज चढला. “अरे म्हाताऱ्या, त्रास होतोय तिला! दहादा वाळूच्या पेटीत जाते, कण्हते नि चार थेंब टाकून येते. तू रात्री चारदा उठतोस, तुला काढलं का मी परसात?”

अबदोनने थर्मासचं बूच उगीचच घट्ट केलं.

जनावरांच्या डॉक्टर सिल्वेराबाईंनी फोनवर सांगितलं, मांजरीला आजच आणा, जमलं तर लघवीचा नमुनाही आणा. पेटी रिकामी करून अबदोन हातात डाव घेऊन तासभर उकिडवा बसला. पोरोताही त्याच्यासमोर बसली. दोघांपैकी कुणीच काही केलं नाही. शेवटी गुडघे धरून तो खुर्चीत टेकला, तुंबा भरला, जरासा विचार केला... आणि डोळे उघडतो तो गादीवर ताजं तळं!

“नेल्दा! झाली गं, झाली एकदाची!”

औषधाच्या पिचकारीने ते तळं ओढून त्याने ऑलिव्हच्या रिकाम्या बरणीत भरलं आणि बरणी छातीशी धरून दवाखाना गाठला. मागून पोरोताला टोपलीत घेऊन नेल्दा.

सिल्वेराबाईंनी बरणी उजेडात धरली. हुंगली. पुन्हा हुंगली.

“काका, हिला संत्र्याची साल कोण खाऊ घालतं?”

“छे हो, साल तर मी माझ्या तुंब्यात...” अबदोन थांबला.

“आणि हा येर्बाच्या पानांचा चुरा?”

नेल्दाने तोंडात रुमाल कोंबला, तरी हसू बाहेर पडलंच. “बाई, आधी यालाच टेबलावर घ्या!”

बाईंनी पोरोताचा खरा नमुना सुईने काढला आणि तासाभराने सांगितलं, “मूत्राशयाला संसर्ग झालाय. या वयात होतं असं. औषध द्या, पाणी भरपूर पाजा. वेळेवर आणलंत, बरी होईल.”

अबदोनचा जीव भांड्यात पडला. (रोज रात्री ती त्याच्याच पायाशी झोपायची. परसाचं तो नुसतं बोलला होता.)

“वाचली गं माझी राणी,” तो टोपलीत तोंड घालून पुटपुटला.

“ती वाचली,” नेल्दा म्हणाली, “पण निकालाचं काय? शेवटचा शब्द कोणाचा होता?”

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरोता वाळवलेल्या गादीवर झोपली होती आणि अबदोनने आपला चहा परसात, धुण्याच्या हौदाच्या कडेवर बसून घेतला.