अकरा सेकंद मागची दिग्दर्शिका

कौसर नदाफपर्यंत जग अकरा सेकंद उशिरा पोचत असे, आणि तिला टेलिव्हिजन निर्मितीच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश मिळाला होता, तोही गुणवत्ता यादीत तिसऱ्या नंबरावर. बोललेलं, दाखवलेलं, अंगाला लागलेलं, सगळंच तिला अकरा सेकंदांनी कळायचं. एकदा कळलं की पुढं ती कुणाहीइतकीच चटपटीत होती. प्रवेशाच्या दिवशी तिचे अब्बा दुकानातल्या गाद्या तशाच टाकून सोबत आले होते. दाढीत अडकलेला कापूस काढत ते म्हणाले, "पोरगी हुशार हाय सर. जरा मागनं येती, एवढंच."

हे ज्यांना सांगितलं ते रेवणसिद्ध उपासे सर विभागात स्टुडिओ शिकवायचे. बावीस वर्षं ते एकच गोष्ट घोकून घेत आले होते, की टीव्हीत सेकंद चुकला की सगळं चुकलं. त्यांनी कौसरला विचारलं, "आधी कधी कॅमेरा हाताळलायस का?" ती नुसती बघत राहिली. लाजत असेल, असं समजून सरांनी विषय बदलला. "बरं, जेवणाची काय सोय?"

"काकांच्या लग्नात हाताळलाय की," कौसर म्हणाली.

सरांना काही कळेना. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि वसतिगृहाचा अर्ज पुढं केला. अर्ज तिच्या हातात आल्यावर ती म्हणाली, "डबा आणलाय सर." आणि अर्जाबद्दलचे आभार तिनं सर जिना उतरून गेल्यावर मानले.

पहिल्या आठवड्यात तिचा पाय स्टुडिओतल्या केबलला अडकला. तिला ते कळलं नव्हतं, त्यामुळं ती सरळ चालत गेली, दार उघडून व्हरांड्यात आली आणि तिथं, स्वच्छ मोकळ्या फरशीवर, धाडकन पडली. वर्गातली मुलं आधी हसली. मग ती मुलं स्टुडिओतली केबल चिकटपट्टीनं नीट दाबून आली, आणि व्हरांड्याला मात्र कुणी काही करू शकलं नाही.

अडचण एकच होती. अभ्यासक्रमाच्या नियमाप्रमाणं प्रत्येकानं शेवटी एक अर्ध्या तासाचा थेट कार्यक्रम स्वतः दिग्दर्शित करायचा. बाहेरचे परीक्षक येणार, विद्यापीठाच्या वाहिनीवर तो कार्यक्रम कॅन्टीनपासून वसतिगृहापर्यंत सगळीकडं दिसणार. जो हे करणार नाही त्याला पदवी नाही. उपासे सर समावेशक शिक्षण कक्षात गेले. तिथं कुरणे नावाचे समन्वयक होते. माणूस सज्जन, पण तक्त्याबाहेर पाऊल टाकायचा नाही.

"किती टक्के?" कुरण्यांनी विचारलं.

"टक्के नाहीत. अकरा सेकंद."

"सेकंदांचा रकाना नाही आमच्याकडं. तरी सवलत देतो. तासाला वीस मिनिटं जादा."

"तिला वीस मिनिटं नकोत हो. अकरा सेकंद पाहिजेत."

"वीस मिनिटांपेक्षा कमी सवलत द्यायचा मला अधिकार नाही, सर," कुरणे गंभीरपणे म्हणाले. "अर्ध्या तासाला दहा मिनिटं धरतो. कुलसचिवांची सही आणून देतो." दोन दिवसांत सही आलीसुद्धा. कौसरचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम चाळीस मिनिटांचा झाला. यानं नेमकं काय सुटलं, ते सरांना समजेना, पण पत्रावर शिक्का होता.

तालमी सुरू झाल्या. स्टुडिओत तीन कॅमेरे, एक निवेदक, एक पाहुणा. शेजारच्या नियंत्रण कक्षात दिग्दर्शक पडद्यांसमोर बसणार आणि 'दोन, टेक' म्हणणार. बटणांवर बसलेली पल्लवी कोष्टी दोन नंबरचं बटण दाबणार, की दोन नंबरच्या कॅमेऱ्याचं चित्र वाहिनीवर जाणार. पहिल्या तालमीत पाहुण्याचं उत्तर संपलं, निवेदक ऋग्वेद माळगेनं पुढचा प्रश्न विचारला, पाहुण्याचं त्यावरचं उत्तरही निम्मं झालं, आणि तेव्हा कौसर म्हणाली, "दोन, टेक." चित्रात ऋग्वेद नाक खाजवत होता.

दुसऱ्या तालमीला सरांनी पल्लवीला हळूच सांगून ठेवलं, "तू आपली दाबत जा. तिचं तिला बोलू दे." कार्यक्रम लोण्यासारखा झाला. सगळे खूश झाले. कौसर पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "मी बोलायच्या आधीच चित्रं बदलत होती सर. मग मी कशाला बसलेय इथं?"

उपासे सरांना फार लाज वाटली. इतकी की त्यांनी लगेच "चुकलं माझं" म्हटलं आणि तिच्यापर्यंत ते पोचायच्या आत तोंड लपवायला बाहेर निघून गेले. नंतर त्यांना वाटत राहिलं, आपलं 'चुकलं' तिनं रिकाम्या दाराकडून ऐकलं असणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा नियम केला. कौसरनं म्हटल्याशिवाय चित्र बदलायचं नाही, आणि चित्र आपल्यावर आल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. म्हणजे पाहुणा बोलून थांबला, की सगळ्यांनी गप्प राहायचं. अकरा सेकंदांनी ते थांबणं कौसरला दिसणार, ती 'दोन, टेक' म्हणणार, ऋग्वेदसमोरच्या कॅमेऱ्यावर लाल दिवा लागणार, मगच त्यानं पुढचा प्रश्न विचारायचा. ऐकायला सोपं होतं. पण माणसाला गप्प बसायची सवय नसते. पहिल्या दिवशी ऋग्वेदला चौथ्या सेकंदाला खोकला यायचा. पल्लवीचं बोट आपसूक बटणाकडं सरकायचं. महिनाभर सराव केल्यावर सगळ्या वर्गाच्या अंगात ते अकरा सेकंद मुरले.

उपासे सरांच्या तर जास्तच. चौकात दिवा हिरवा झाला तरी ते थांबून राहायचे आणि मागचे लोक शिव्या द्यायचे. घरी बायकोला काही विचारलं, की उत्तर आल्यावरही ते वाट बघायचे, अजून काही येतंय का. बऱ्याचदा यायचं. तिला काय झालंय हे त्यांना उमजेना, आणि तिला त्यांचं. कौसर मागं आहे की आपण सगळे उगाच पुढं पळत आलोय, याचाही त्यांचा घोळ व्हायला लागला होता.

परीक्षेच्या दिवशी पाहुणे म्हणून खुद्द कुलसचिव डॉ. विश्वंभर तोडकर आले. विषय होता विद्यापीठातलं समावेशक शिक्षण. परीक्षक केदारी तीस वर्षं वाहिन्यांमध्ये काढलेले गृहस्थ होते, हातात गुणपत्रक आणि चेहऱ्यावर घाई. कार्यक्रम चारला होता. तो चार वाजून अकरा सेकंदांनी सुरू झाला.

"आम्ही प्रत्येक इमारतीला रॅम्प दिलेला आहे," तोडकर ठासून म्हणाले आणि थांबले. लाल दिवा त्यांच्यावरच होता. कुणी काही बोललं नाही. नियंत्रण कक्षात बसलेल्या केदारींनी कपाळाला आठ्या घातल्या. "मुलगी झोपलीय का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. यायलीय," उपासे म्हणाले.

सातव्या सेकंदाला तोडकरांना ती शांतता सहन होईना. "म्हणजे, बहुतेक इमारतींना," ते म्हणाले. इतक्यात कौसरचं 'दोन, टेक' आलं, चित्रात ऋग्वेद आला, आणि तोडकरांचं "ग्रंथालय सोडून" हे त्याच्या ऐकणाऱ्या चेहऱ्यावर ऐकू आलं. केदारींचं पेन कागदावर टेकलेलं होतं. ते तिथंच राहिलं.

असंच चालू झालं. तोडकर तयारीचं वाक्य बोलायचे, थांबायचे, दिवा त्यांच्याकडं टक लावून बघत राहायचा, आणि मग त्यांच्या तोंडून तयारीत नसलेलं वाक्य यायचं. ग्रंथालयालाही रॅम्प आहे, पण तो जिथं संपतो तिथं भिंत आहे. दार मंजूर आहे. मंजूर होऊन सहा वर्षं झाली. कुलसचिव चिडून उठले असते तर कार्यक्रम पडला असता, आणि त्याबरोबर पोरीची पदवी. उपासे सरांना सारखं वाटत होतं की पल्लवीच्या खांद्याला हात लावावा, दाब म्हणावं. त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या काखेत दाबून धरले.

अर्ध्या तासात तोडकरांची सगळी टिपणं संपली. पण सवलतीची दहा मिनिटं बाकी होती, आणि त्या पत्रावर त्यांचीच सही होती. ऋग्वेदनं विचारलं, "सर, या विषयाकडं तुम्ही कसे वळलात?"

"शासनाचं धोरण आलं," तोडकर म्हणाले. मग शांतता. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. "माझ्या धाकट्या भावाला ऐकू यायचं नाही," ते म्हणाले. "त्याला शाळेत घातलं नाही. घालायचं का, असं घरात कुणी विचारलंच नाही. मीपण नाही."

या वेळी 'टेक' बऱ्याच वेळानं आलं. अकरा सेकंद झाले, बारा झाले. उपासे सर मनात मोजत होते आणि त्यांचा आकडा वीसच्या पुढं गेला. तोडकर लाल दिव्यासमोर बसून होते, आणि ते चित्र तसंच राहिलं. मग कौसर हळू आवाजात म्हणाली, "दोन, टेक."

कार्यक्रम संपल्यावर तोडकर नियंत्रण कक्षाच्या दारात आले. "ते शेवटचं कापता येईल का?"

"थेट होतं, सर," उपासे म्हणाले.

तोडकरांनी थोडा विचार केला. "मग असू दे," म्हणाले आणि गेले.

केदारींनी खुर्ची कौसरकडं फिरवली. "पाहुणे रॅम्पबद्दल बोलत असताना तुम्ही मध्येच निवेदकावर का गेलात?" ती बघत राहिली. केदारी गुणपत्रकाकडं वळायला लागले, तसा उपासे सरांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. बाहेरच्या परीक्षकाला असा हात त्यांनी जन्मात लावला नव्हता.

"थांबा सर. अजून सहा."

"माझ्याकडं ते अजून गप्पच होते," कौसर म्हणाली.

"आणि शेवटी? शेवटी तुमच्या नेहमीच्या वेळेपेक्षा जास्त थांबलात." केदारींनी या वेळी स्वतःच वाट पाहिली.

"ते थांबल्याचं मला दिसलं होतं सर," उत्तर आलं. "तरी थांबावं वाटलं."

केदारींनी गुणपत्रकात काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. "तीस वर्षांत कुलसचिवाची मुलाखत मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत बघितली," ते म्हणाले. "मला यातलं फारसं कळलेलं नाही. पण पास. पहिल्या वर्गात पास."

पल्लवी ओरडलीच. ऋग्वेद आणि कॅमेऱ्यावरची पोरं स्टुडिओतून धावत आली आणि सगळ्यांनी जोरात टाळ्या पिटल्या. उपासे सरांनीही पिटल्या, डोळे पुसायला मध्ये थांबून. टाळ्या विरल्या, आणि सगळे तिच्याकडं बघत उभे राहिले. ती मघासारखीच खाली मान घालून, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. त्या खोलीत ती एकटीच अजून नापास होती.

मग तिनं मान वर केली. आधी केदारींकडं बघितलं, मग सरांकडं, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. शांत खोलीत ती लाजून हसली आणि दोन्ही हात वर करून म्हणाली, "बास की आता, किती वाजवताय."

केदारींनी चहूकडं बघितलं. कुणीच काही वाजवत नव्हतं. "कुणाला म्हणतायत त्या?" त्यांनी विचारलं.

"आम्हालाच सर," उपासे म्हणाले. "मघाचं."