पडून दाखवणारे अप्पा

विरुपाक्षअप्पा बोलता बोलता पडत. भर बाजारात, धोतर-कोटासकट. तळहात जमिनीवर थाडकन आपटे, अंगाचा गोळा होई आणि दुसऱ्या क्षणी ते उभे राहून धूळ झटकत. कुणी हात द्यायला धावलं की खवळत.

"हात लावू नका! पडलो न्हाय मी. पडून दाखवलं!"

लोक हसत. अजून हसतात. त्या हसणाऱ्यांवरचा माझा राग अप्पा गेल्यावर वाढतोच आहे.

त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान आमच्या बोळाच्या तोंडाशी होतं. तरुणपणी कापसाच्या व्यवहारासाठी मुंबईला गेले असता तिथल्या एका जपानी दलालाकडून ते जुजुत्सू ही झुंजीची विद्या शिकून आले. "फेकणं कुनीबी शिकवंल. त्यानं पडणं शिकवलं की!" तेव्हापासून साऱ्या सोलापूरला पडता येत नाही याचा त्यांना संताप. गिऱ्हाईक उंबऱ्याला अडखळलं की पेंड राही बाजूला. "लेऽ मगने, अरे पोरा, हनुवटी छातीला लाव आधी!"

मी मराठी शाळेत मास्तर, अंगानं काडी. माझे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, आणि जुने पैलवान. अप्पांच्या दुकानात बसून माझ्यादेखत म्हणत, "पोरगं हुशार हाय, पर वाऱ्यानं पडंल." चारचौघं खिदळत. एकदा हे ऐकून अप्पांनी तराजू आपटला आणि मला मागच्या पोत्यांपाशी ओढत नेलं. "मास्तर, मला फेक."

पुढे तालमीच्या उत्सवात जपानी विद्येचं जाहीर प्रात्यक्षिक ठरलं. त्यासाठी अप्पा वर्षभर तालीमवाल्यांशी भांडले होते. पडणं ही विद्या आहे, हे गावाला एकदा तरी दाखवायचं होतं.

आम्ही आखाड्यात उतरलो. त्यांनी माझी मनगटं धरली. त्यांनी शिकवल्याप्रमाणे मी कंबर वळवली आणि ते अवजड अप्पा माझ्या खांद्यावरून इतके सुरेख गेले, की मला वजनच जाणवलं नाही. हात मातीवर वाजला. पाठ टेकली.

पाठ टेकली! आणि गाव कुस्तीचं.

"चीत! मास्तरनं चीत केलं!" हलगी कडाडली. कुणीतरी माझ्या डोक्याला फेटा गुंडाळला, कुणी मला खांद्यावर घेतलं. अप्पा लालबुंद झाले. "अरे मूर्खांनो, ही कुस्ती न्हाय! पडणं हीच तर..."

तेवढ्यात त्यांची नजर पुढच्या रांगेत गेली. माझे वडील उभे होते. पागोटं हातात, गालांवरून पाणी. शेजाऱ्याला हलवून सांगत होते, "माजं हाय ते. माजं पोरगं."

अप्पांनी वाक्य गिळलं. मी खाली उडी मारून ओरडलो, "लोकहो, ऐका..." त्यांनी माझं मनगट आवळलं. दातांखालून कानडीत म्हणाले, "सुम्न कूड!" गप बस. आणि सुटत आलेला माझा फेटा स्वतः घट्ट बांधला.

त्यानंतर 'मास्तरनं पाडलेला अप्पा' हेच त्यांचं नाव झालं. ते पावसाला शिव्या देत, हमालांना देत, सरकीच्या भावाला देत. या एका गोष्टीबद्दल तोंडातून चकार शब्द नाही. मात्र बाजारात पडणं त्यांनी सोडलं. पडले असते तर पोरंटोरंसुद्धा 'चीत' म्हणून ओरडली असती.

गेल्या महिन्यात ते वारले. लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवून पुरायचं होतं. जन्मभर पडण्याचा ध्यास घेतलेला माणूस खड्ड्यात ताठ बसलेला पाहून मला भलत्या वेळी हसू आलं, आणि मग हसू आल्याचा राग. मागून कुणी पुटपुटलं, "मास्तरनं चीत केला त्यो अप्पा ह्योच न्हवं?"

मी वळलो. आता सगळं सांगणारच होतो. पण वडिलांनी काठीवर रेलून, छाती काढून आधीच उत्तर दिलं. "व्हय! माज्या पोरानं!"

अप्पा समोर बसले होते. मी परत वळलो आणि मूठभर माती टाकली.

वडिलांना अक्षरओळख नाही, म्हणूनच इथे लिहितो. अप्पा पडले नव्हते. त्यांनी पडून दाखवलं. आमच्या बोळातल्या कुणी हे वडिलांना वाचून दाखवायचा शहाणपणा केला, तर मला अजून फेकता येतं.