ट्रकच्या मापाचा कॉम्प्युटर

बदलीचं सामान बांधण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या बँकेत सापडायचा नाही! नांदेड, रायपूर, भोपाळ आणि आता जयपूर. एकाही बदलीत आमची साधी बशी फुटलेली नाही. कारण कुठलीही वस्तू घेताना मी एकच प्रश्न विचारतो, ट्रकमध्ये मावेल का? आमचा पलंग मिटतो, टेबल मिटतं, कपाट सुटं होतं. "मला बघायला आले तेव्हाही हे मापच घेत होते," असं चारुलता चारचौघांत सांगते.

तर आमच्या लेकीला, ज्ञानदाला, कॉम्प्युटर हवा होता. डिझाइन कॉलेजच्या प्रवेशासाठी तिला स्वतः केलेली अ‍ॅनिमेशन फिल्म रविवारी संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. नाही गेली, तर वर्ष वाया. जुना लॅपटॉप फिल्मचं नाव काढलं की बंद पडायचा. तिनं खपून खपून प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड असे एकमेकांशी जुळणारे पार्ट निवडले, आणले. राहिलं फक्त कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्यात बसवायचं तो डबा.

"डबा मी आणतो! आणि जोडणारही मीच!"

"पण बाबा, मतलब... साइज बघून आणा हां."

"साइज? तू मला साइज शिकवतेस?"

आणि मी दुकानातला सगळ्यात छोटा डबा आणला! ट्रकमध्ये फ्रिज आणि गाद्यांच्या मध्ये अलगद बसेल असा. वर महाराष्ट्र मंडळाच्या प्रभावतीकाकूंना शनिवारी दुपारी नारळ फोडायला बोलावूनही टाकलं.

दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. ज्ञानदा क्लासला गेली आणि मी कामाला लागलो. मदरबोर्ड डब्यात जाईना! आडवा घातला, उभा घातला, तिरका घातला. शहाण्या माणसानं डबा बदलला असता. मी स्कूटर काढली आणि मदरबोर्ड बदलायला सोडाल्याच्या बाजारातल्या दुकानात गेलो.

"साहब, छोटा बोर्ड तो यही एक है," दुकानदार म्हणाला. "पर इसमें आपका प्रोसेसर नहीं बैठेगा. दूसरी कंपनी का लगेगा."

"तो प्रोसेसर भी बदल दो!"

"और डब्बा बदल लें तो?"

"डब्बा नहीं बदलेगा!" मी असा गरजलो की अख्खं दुकान वळून बघायला लागलं.

घरी आलो. बोर्ड बसला. प्रोसेसर बसला. ग्राफिक्स कार्ड मात्र चार बोटं बाहेर! आता माघार कसली? मी शेजाऱ्यांकडून लोखंड कापायची करवत आणली.

तेवढ्यात दारात प्रभावतीकाकू! हातात नारळ, मागे मंडळाच्या बायका, आणि त्यांच्या मागे क्लासहून आलेली ज्ञानदा. मी फरशीवर, मांडीत डबा, हातात करवत.

"अगंबाई! हे काय चाललंय?"

"दुकानदारानं चुकीचं कार्ड दिलं!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"असं? चला गं, जाऊन विचारू त्याला!" काकू नारळासकट मागे वळल्या.

ज्ञानदानं बोर्ड पाहिला. प्रोसेसर पाहिला. तिला सगळं कळलं. डोळे भरून आले, पण ती म्हणाली, "नाही काकू, दुकानवाल्या भैयाची गलती नाही. मीच बाबांना चुकीचं सांगितलं."

"मोठ्यांना विचारून करावं गं, बाळा," काकू म्हणाल्या.

आणि मी मान डोलावली! होय, डोलावली. सगळ्या तिला समजावत होत्या आणि ती गुपचूप ऐकून घेत होती. शेवटी मला राहवेना.

"काकू, ती खोटं बोलतेय. डबा मी आणला. बोर्डही मीच बदलला."

"ते दिसलंच की," काकू म्हणाल्या. "करवत तुमच्या हातात आहे!"

ज्ञानदानं डोळे पुसले, घरभर नजर फिरवली आणि आमच्या घरातल्या एकमेव न मिटणाऱ्या वस्तूपाशी जाऊन थांबली. चारुलतानं माझ्याशी भांडून घेतलेलं चपलांचं कपाट! मायलेकींनी ते रिकामं केलं, पुसलं, आणि ज्ञानदानं सगळे पार्ट त्याच्या फळ्यांवर मांडून जोडले. पंखा फिरला, पडदा उजळला. काकूंनी कपाटाला कुंकू लावून नारळ फोडला. फिल्म रविवारी वेळेत गेली, आणि पुढे ज्ञानदाला प्रवेशही मिळाला.

छोट्या डब्यात आता आम्ही कांदे ठेवतो. हवा छान खेळते.

परवा बँकेतून दमून आलो आणि सवयीनं बूट ठेवायला कपाट उघडलं. आतल्या खोलीतून ज्ञानदा ओरडली, "बाबा, थांबा! आधी माप घ्या!"